सुटलेली नशा आणि राहिलेली भीती

एका लेखात वाचलं की व्यसनमुक्तीच्या उपचारांना आलेल्या बऱ्याच पोरापोरींनी लहानपणी मार, शिवीगाळ, हेळसांड सोसलेली असते आणि त्यांच्यात डिप्रेशन जास्त दिसतं, अगदी पटलं. माझ्या चुलतभावाचा मुलगा, १६ वर्षांचा, पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगायचा, सगळे म्हणायचे संगत वाईट. अ‍ॅडमिट करताना मी सोबत होते, कौन्सिलर ताईंनी पाण्याचा ग्लास उचलायला हात पुढे केला तर ह्याने झटकन कोपर तोंडासमोर धरलं. त्या थांबल्या, हळूच म्हणाल्या, घरी कोण मारतं रे? आम्ही चार महिने नुसतं नशा नशा करत होतो, हे कोणी विचारलंच नव्हतं. बाप पट्ट्याने मारायचा हे मला माहीत होतं, वळण लावतोय म्हणून मीपण गप्प बसले, अजून त्रास होतो त्याचा.

अमेरिकेत १९९८ साली फेलिटी आणि आंडा ह्या डॉक्टरांनी ९ हजारांवर लोकांचा अभ्यास छापला, लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांना दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न ह्यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या ४ ते १२ पट होता. मग नुसती नशा उतरवून घरी पाठवून कसं चालेल? नशा सुटल्यावर तर आमच्या ह्या पोराची झोपच गेली, रात्री दार वाजलं की उठून बसायचा. आता औषध आणि कौन्सिलिंग दोन्ही चालू आहे. बापालाही बोलावतात, दोनदा आला, परवा नाही आला.

कुणाला गरज असेल तर मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा टेली मानस १४४१६, लहान मुलांसाठी मदतीचा फोन १०९८, दोन्ही फुकट आहेत.