प्रतिक्रियेला उत्तर: साबणाच्या पाण्याने ‘तेच’ होत नाही

‘निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात ढवळलं की तेच होतं, नॅनोच्या नावाखाली लोकांना गंडवू नका,’ असं तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलंत. लेख होता निंबोळी तेलाच्या नॅनोइमल्शनवर, म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेल्या, किडींवर फवारायच्या द्रावणावर. मतभेद जरूर असावेत, पण ‘गंडवू नका’ हे लागलं. पंधरा वर्षं याच कामात आहे. थेंबाचा आकार मोजल्याशिवाय मी काही लिहीत नाही. एवढा मोठा आरोप करताना शब्द जरा जपून वापरायला हवे होते.

एक चूक मान्य. तयार द्रावण ‘पारदर्शक’ असतं असं लेखात होतं. ते नीलसर, अर्धपारदर्शक असतं. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ‘तेच होतं’. हाताने ढवळलेल्या मिश्रणात तेलाचे थेंब काही मायक्रॉनचे (१ मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर) असतात, म्हणूनच ते दुधाळ दिसतं. ५ मायक्रॉनचा थेंब ५० नॅनोमीटरवर आणला की तेवढ्याच तेलाचं पृष्ठफळ १०० पट होतं आणि थेंब वर चढण्याचा वेग १०,००० पट घटतो. तुमचं मिश्रण फवारणी पंपात जरा वेळ तसंच राहू द्या. तेल वर, पाणी खाली. पंपाची नळी तळातून ओढते, म्हणजे पहिल्या झाडांवर जवळपास नुसतं पाणी पडतं आणि शेवटच्या झाडांची पानं तेलाने करपतात. त्यात साबण अल्कधर्मी. निंबोळीतला किडींवर काम करणारा घटक, ॲझाडिरॅक्टिन, सौम्य आम्लात टिकतो, अल्कलीत विघटन पावतं. ज्या घटकासाठी तेल घेतलं, त्याचाच साबण घात करतो.

कृती लेखात होतीच, नीट वाचायचे कष्ट घ्यायचे होते. १०० मिलीसाठी ५ मिली तेल आणि १५ मिली ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट) आधी एकजीव करायचं, मग ८० मिली पाणी ढवळत थेंबथेंब सोडायचं, शेवटी सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र. पाणी घाईने ओतलं की जेलीसारख्या गाठी होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. सोनिकेटरखाली भांडं बर्फात हवंच, कारण त्याच्या प्रोबच्या (द्रावणात बुडवायच्या दांड्याच्या) टोकाशी द्रावण झपाट्याने तापतं आणि ॲझाडिरॅक्टिन उष्णतेनेही जातं.

सर्फॅक्टंट जास्त पडतं म्हणता, तर फवारताना द्रावण पुन्हा पातळ करतोच. आणि ‘दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच होत्या’? असणारच. ॲझाडिरॅक्टिनने अळीचं खाणं तुटतं, पुढे कात टाकताना ती अडकते. दुसऱ्या दिवशी मोजायचं ते पान किती कुरतडलं गेलं हे, मेलेल्या अळ्या नव्हेत.