दुखापतींच्या रिसर्चमध्ये बाईला लांब कसं ठेवायचं

अपघातात माणूस कसा जखमी होतो यावर रिसर्च करताय ना, मग माणूस म्हणजे कोण हे आधी पक्कं करा. डोकं चालवायची गरज नाही, 1976 पासून ठरलेलंच आहे, क्रॅश टेस्टमध्ये गाडी आपटताना आत बसवतात तो हायब्रिड थ्री नावाचा पुतळा, म्हणजे डमी, उंची 175 सेंटिमीटरच्या आसपास, वजन 78 किलो, पुरुष. बाई कुठाय असं कुणी विचारलंच तर त्याचीच छोटी आवृत्ती दाखवा, 49 किलोची, अगदी बारक्या बायकांच्या मापाची. अमेरिकेत गाड्यांना स्टार देणाऱ्या, समोरून धडकेच्या सरकारी टेस्टमध्ये ती शेजारच्या सीटवर बसते, स्टिअरिंग तिच्या हातात कशाला!

2019 साली व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हिशोब काढला, समोरून धडक झाली तर बेल्ट लावलेल्या बाईला गंभीर दुखापत व्हायची शक्यता पुरुषापेक्षा 73 टक्क्यांनी जास्त. घाबरू नका. बायका सीट फार पुढे ओढून बसतात म्हणायचं आणि मोकळं व्हायचं (मागे बसल्या तर पेडलपर्यंत पाय कसा पोचणार, ते त्यांचं त्या बघतील).

खरी गोची वेगळीच आहे. स्वीडनमध्ये 2022 साली सर्वसाधारण बाईच्या मापाचा, 162 सेंटिमीटर आणि 62 किलोचा डमी आला, मागून धडक बसली की मानेचं काय होतं ते बघायला, आणि त्यामागे कोण तर संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर, म्हणजे परत बाईच. एकदा बायका लॅबमध्ये शिरल्या की नको ते प्रश्न सुरू होतात, त्यामुळे बंदोबस्त दारातच केलेला बरा. 2012 च्या अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात लॅब मॅनेजरचा एकच अर्ज काही प्रोफेसरांना जॉनच्या नावाने आणि काहींना जेनिफरच्या नावाने दिला होता, जॉनला पगार सुचवला सरासरी 30,238 डॉलर, जेनिफरला 26,508. आणि भरतीच्या कमिटीत एखाद्या मॅडम जरूर घ्या, फोटोत बरं दिसतं, शिवाय त्या अभ्यासात महिला प्रोफेसरांनीही जेनिफरला कमीच लेखलं होतं, त्यामुळे तसा धोका नाही.

तरीही एखादी आत आलीच तर ग्रँटच्या वेळी बघून घ्या. याच स्वीडनमध्ये मेडिकल रिसर्चच्या फेलोशिपचे मार्क 1997 साली दोन बायकांनी तपासले तेव्हा कळलं की पुरुषाइतके मार्क मिळवायला बाईला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. असले कागद कपाटात कुलूप लावून ठेवा, नाहीतर तपासणाऱ्या निघतात.

बाकी पेपरच्या शेवटी 'महिलांबाबत अधिक संशोधनाची गरज आहे' ही ओळ न विसरता टाका, रिव्ह्यूअर खूश होतात. पुढच्या प्रपोजलमध्ये डमी मात्र तोच ठेवा, नवीन घ्यायला बजेट कुठाय.