सवलत दहावीला, आणि तोपर्यंत?

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की आमच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तीच धांदल. एलडीचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं (लर्निंग डिसॅबिलिटी) सर्टिफिकेट कुठे मिळतं, मुंबईत सायन हॉस्पिटलच्या क्लिनिकला नंबर कसा लावायचा, पेपर लिहून देणारा लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो का. सर्टिफिकेट मिळालं की तासाला 20 मिनिटं जादा, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर. मिळायलाच हवं, वादच नाही. पण हे पोर काय दहावीत अचानक डिस्लेक्सिक झालं का, वाचायला-लिहायला अडायला लागलं का? पहिलीपासून तिथेच तर बसलं होतं, तुमच्या डोळ्यांसमोर.

माझा भाचा चौथीत आहे, मराठी मीडियम. 'किती' लिहायचं तर तोंडात आधी क येतो आणि हाताने आधी वेलांटी काढायची, तिथेच गाडी अडते, मग ती वेलांटी जाते भलत्याच अक्षरावर. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल तर रोजचीच. तोंडी विचारा, आग्र्याहून सुटकेचा अख्खा धडा पेटाऱ्यांसकट रंगवून सांगेल. वहीत मात्र दीड ओळ, कारण तेवढ्यात फळा पुसलेला असतो. खाली लाल पेनाने शेरा, 'अक्षर सुधारा, वर्गात लक्ष द्या'. अहो लक्षच देतोय तो! फळ्यावरचं लिहून हातात द्या, चार उत्तरं तोंडी घ्या, पुढच्या बाकावर बसवा, याला कुठला निधी लागतो?

बाईंवर राग नाही माझा, एवढा मोठा वर्ग, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरा, त्या एकट्या कुठे कुठे पुरणार. म्हणून तर अशा मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेले विशेष शिक्षक हवेत. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच प्रमाण ठरवायला सांगितलं, केंद्राने 2022 मध्ये ते ठरवलंही, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आलीच. कागदावर सगळं छान आहे हो. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी एकच फिरत्या बाई, आज या शाळेत, उद्या त्या. आणि काही प्रायव्हेट शाळांची तर कमालच, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारं माणूस, आणा म्हणतात, पगार तुम्हीच द्या, म्हणजे फी पण भरा आणि शिकवायला माणूस पण घरून पाठवा!!

तुमच्या मुलांच्या शाळेत विशेष शिक्षक कुठल्या वारी येतात, माहितीये का कोणाला? आमच्याकडे ऑफिसात विचारलं तर क्लार्कने मलाच विचारलं, ते कोण?