अर्थिंग नसेल तर न्यूट्रल जोडा? अजिबात नको!

इंडक्शन शेगडी, ओव्हन, किटली वायरमनला न बोलावता घरच्या घरी कशी जोडावी, हे सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात सहा कानमंत्र आहेत आणि खाली ग्वाही: ‘आमच्याकडे दहा वर्षं असंच आहे, काही झालं नाही.’

आधी या ग्वाहीचं बघू. शेगडी तापली म्हणजे तिच्यापर्यंत फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) पोचले, एवढंच कळतं. अर्थिंगची वायर (बॉडीवर उतरलेला करंट जमिनीकडे नेणारी), एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही, म्हणजे कुठे गळला, तर वीज तोडणारा स्विच) ही मंडळी बिघाड होईपर्यंत कामाला लागतच नाहीत. ती दहा वर्षं गैरहजर असली तरी शेगडी आपली तापत राहणार.

‘एमसीबी सारखा पडत असेल तर १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवा.’

एमसीबी शेगडीच्या रक्षणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपमधून साधारण वीस-बावीस अँपिअर सोसते. आणि एमसीबी आकडा ओलांडल्याबरोबर पडतो, हाही गैरसमज. घरगुती एमसीबीचं मानक असं, की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर वाहिला तरी तो पडू नये, आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर खुशाल जाऊ देईल. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८ अँपिअरला जेवढी निर्माण होते, त्याच्या चौपट ३६ ला. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. मेसेज लिहिणाऱ्याने एमसीबी बदलला, भिंतीतली वायर मात्र जुनीच राहिली.

‘जाड पिनेच्या प्लगला अडॅप्टर लावून साध्या सॉकेटमध्ये घाला, थोडाच वेळ तर वापरायचंय.’

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेते. साधं सॉकेट ६ अँपिअरचं. (मायक्रोवेव्हवरच्या आकड्यानेही फसू नका. ८०० वॅट ही अन्नात उतरणारी शक्ती असते. भिंतीतून तो बाराशे-तेराशे वॅट ओढतो.) पण खरी भानगड सैल पकडीची आहे. अडॅप्टरमुळे जोड वाढतात आणि प्रत्येक जोड ढिला पडू शकतो. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम जरी झाला, तरी ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. एमसीबीला याचा पत्ताच लागत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो. इथे पहारेकरी म्हणजे तुमचं नाक आणि हात. सॉकेट पिवळट-तपकिरी दिसलं, जळका वास आला किंवा प्लग काढताना तो गरम लागला, तर ते सॉकेट वापरणं त्याच दिवशी थांबवा.

‘काचेच्या शेगडीला आणि प्लास्टिकच्या किटलीला अर्थ पिन लागत नाही, कापून टाका.’

किटलीचं बूड धातूचं असतं आणि आत पाणी असतं, यापुढे काय बोलायचं! ती पिन लांब असते ती उगाच नाही: अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा.

‘ओव्हन लावला की आरसीसीबी पडतो, म्हणून तो बायपास करा.’

ओव्हनच्या हीटिंग कॉइलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती दमटपणा शोषते. महिनोन् महिने न वापरलेल्या ओव्हनमधून त्यामुळे करंट गळू शकतो. माणसांसाठी बसवलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. तो पडला म्हणजे त्याने आपलं काम केलं. मेगर (करंट गळतोय का ते तपासायचं यंत्र) लावून कॉइल तपासून घ्या, खराब असेल तर बदला.

‘एकाच पॉइंटवर दोन मोठी उपकरणं एकदम चालवू नका.’ हे मात्र सोळा आणे खरं. अशा मेसेजमध्ये एक खरी गोष्ट असतेच, तिच्या भरवशावर बाकीच्या खपतात.

आता सहावा मंत्र, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो: ‘अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांमध्ये वायरचा तुकडा टाका. शेवटी दोन्ही जमिनीतच जातात.’

न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, इथवर बरोबर. पण तुमचं सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये किती जोड, किती स्क्रू आहेत? त्यातला एखादा सुटला असं समजा. फेज शेगडीत शिरतो, आतल्या भागांतून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत येतो, परतीची वाट बंद. मग तो त्याच तुकड्यावरून अर्थच्या पिनेवर आणि तिथून धातूच्या बॉडीवर. शेगडी बंद पडलेली दिसते; ‘काय झालं बघू’ म्हणून कुणीतरी हात लावतो.

दुसरी शक्यता याहून साधी. मागच्या बोर्डात कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात आणि शेगडी तरीही छान चालते. शिवाय आतला फेज बॉडीला टेकला, तर तो करंट तुकड्यावरून न्यूट्रलनेच परत जातो. गेलेला आणि आलेला करंट सारखाच, त्यामुळे आरसीसीबीला गळती दिसतच नाही.

अर्थिंग खरंच आहे की नाही हे टेस्टरने कळत नाही, तो फक्त फेज दाखवतो. आरसीसीबीचं टेस्ट बटणही फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

कुणी हा तुकडा टाकलाच असेल तर आजच मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून तो काढून घ्या. बोर्डापासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढून मीटरने मोजली जाईपर्यंत त्या सॉकेटला शेगडी लावू नका.