हॉटेल मैदानाजवळ की परतीच्या वाटेवर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कार्यक्रमासाठी मुंबईला जाताना हॉटेल कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण फोंड्याहून सविस्तर आणि बऱ्यापैकी कडक प्रतिक्रिया लिहिली, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, सभागृहाला किंवा मैदानाला लागून असलेले हॉटेल घ्यावे आणि मोकळे व्हावे. मोबाइलवर टॅक्सी मिळत असताना लोकलचे मार्ग आणि शेवटची गाडी यांत वाचकाला गुंतवणे ही उगाच उठाठेव आहे. वाढत्या दरांची कारणे सांगताना मी हॉटेलवाल्यांच्या लुटीची तरफदारी करतो. आणि गोव्यातल्या बहुतेक घरांचे कोणी ना कोणी मुंबईत असताना अशा लेखाची गरजच नव्हती. शेवटी आपण विचारले आहे की, सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये संध्याकाळचे गाणे ऐकायला जायचे आहे, तर या साऱ्याचा आपल्याला उपयोग काय.

नातेवाइकांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. चवथीला मुंबईची मंडळी आपल्याकडे येतात, तेव्हा आपणही त्यांच्याकडे हक्काने उतरावे, यात गैर काही नाही. परंतु डोंबिवलीच्या मावशीकडे उतरून वानखेडेवरचा रात्रीचा सामना पाहणाऱ्याला घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि तोवर मावशीला दार उघडण्यासाठी जागे राहावे लागते. मुंबईत ओळखीपाळखी असूनही उतरायला स्वतंत्र जागा लागते, हे गोंयकाराला नवे नाही. धोबीतलाव आणि माझगावच्या भागांत आपल्या ख्रिस्ती बांधवांनी गावागावांच्या नावाने उभारलेले कुड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मुक्कामाच्या जागा, याच गरजेतून निर्माण झाले.

आता मुख्य मतभेदाकडे येतो. हॉटेलची निवड नकाशावरच्या अंतरावरून करू नये. कार्यक्रम किती वाजता सुटतो आणि त्या वेळी आपल्या मुक्कामाकडे जाणारी कोणती वाट चालू असते, यावरून ती करावी, हे माझे म्हणणे आहे आणि आपली प्रतिक्रिया वाचल्यावरही ते तसेच आहे. डी. वाय. पाटील स्टेडियमचे उदाहरण घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम तेथे झाले, तेव्हा सगळीकडे ते 'मुंबईतले' म्हणूनच गाजले. प्रत्यक्षात हे मैदान नेरूळला, म्हणजे नवी मुंबईत आहे. मुंबई म्हणून कुलाब्यात खोली घेणाऱ्याला तेथून तीस-पस्तीस किलोमीटर परतावे लागते. याउलट कोकण रेल्वेने येणाऱ्या आपल्यासारख्यांना मुंबई शहरात शिरण्याचेच कारण नसते. आपल्या अनेक गाड्या पनवेलला थांबतात आणि पनवेलहून सुटणारी हार्बरची लोकल खारघर, बेलापूर, सीवूड्स करीत नेरूळला पोहोचते. या पट्ट्यात कोठेही उतरावे; मैदानाच्या भिंतीला चिकटून राहण्याची आवश्यकता नाही.

याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो दुपारी तीनला सुरू व्हायचा होता, पावसामुळे पाचला सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. भारत जिंकला, त्यामुळे लवकर उठून जाण्याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. असा दोन तासांचा उशीर चर्चगेट किंवा दादरला परतणाऱ्याचा सगळा हिशेब मोडतो, कारण लोकल रात्री एकच्या आसपास थांबतात आणि हार्बरवरून दुसऱ्या मार्गावर जाणाऱ्याला एक गाडी नव्हे, दोन गाड्या मिळाव्या लागतात. बेलापूरला उतरलेल्याचे काम मात्र रिक्षावरही भागते.

टॅक्सीवर आपला फार विश्वास आहे. एरवी तो रास्तच आहे, परंतु पन्नास हजारांच्या आसपास माणसे एकाच दारातून बाहेर पडतात तेव्हा तो टिकत नाही. त्या घटकेला सगळेच मोबाइल उघडतात, दर चढतात आणि जी टॅक्सी मिळते ती पोलिसांच्या अडथळ्यांपलीकडे एक-दोन किलोमीटरवर उभी असते. हीच अडचण मैदानाला लागून असलेल्या हॉटेलचीही आहे: आजूबाजूचे रस्ते बंद असल्यामुळे सामान घेऊन दारापर्यंत वाहन नेता येत नाही, आणि खोलीचा दर मात्र त्या दिवसापुरता सर्वांत चढा असतो. गोव्याहून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहीत; तेथे टॅक्सी, बस, लोकल किंवा मेट्रो एवढेच पर्याय उरतात. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एका ओळीत आले, ही मोठीच सोय झाली. मात्र तिची शेवटची गाडी साधारण साडेदहाला सुटते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरचा कार्यक्रम दहाला संपणार असेल, तर शेवटचे गाणे ऐकायचे की मेट्रो गाठायची, हे हॉटेल घेण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

आपला नियम जेथे खरोखर लागू पडतो, असा एक प्रसंग आहे, तो जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनचा. तेथे सुटण्याच्या वेळेपेक्षा सुरू होण्याची वेळ महत्त्वाची असते, कारण पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे पाचला निघते. त्या धावपटूने फोर्टात चालत जाण्याच्या अंतरावर उतरावे. पण अर्धमॅरेथॉनची सुरुवात माहीमहून होते, त्यामुळे 'टर्मिनसवरची स्पर्धा' एवढेच ऐकून तेथे खोली घेणारा अर्धमॅरेथॉनवाला पहाटे उलट्या दिशेला निघालेला असतो. शिवाय क्रमांकाचा बिल्ला आदल्या दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन घ्यावा लागतो. 'कार्यक्रमाजवळ' म्हणताना कोणत्या दाराजवळ, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दरांबद्दल आपला राग मला समजतो, पण आपण गोव्यात बसून तो व्यक्त करतो आहोत, याची थोडी गंमत वाटते. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत पणजीत आणि नाताळ-नववर्षाला किनाऱ्यावर खोल्यांचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मागणी वाढली की दर वाढतो, एवढेच मी लिहिले होते. त्यात तरफदारी नाही. आपल्या हातात काय आहे, याचा तो विचार आहे. उदाहरणार्थ, २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यावरच्या खोलीवर अठरा टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. दर शंभराने वाढला आणि खिशातून हजाराहून अधिक गेले. कार्यक्रमाच्या दिवसांत दर नेमके या रेषेच्या आसपास घुटमळू लागले, तर एक-दोन स्थानके मागे सरकून रेषेच्या अलीकडची खोली घेणे शहाणपणाचे आहे. थोडे अधिक पैसे पडले तरी विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे, कारण कार्यक्रम पुढे ढकलला गेला तर हॉटेलचे पैसे परत मिळतीलच असे नाही.

आता आपल्या आईंच्या प्रवासाविषयी. कोकणकन्या पहाटे टर्मिनसला पोहोचते, हॉटेलची खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते आणि गाणे संध्याकाळी असते. म्हणजे आपल्याला खोली रात्रीपेक्षा दिवसा अधिक हवी आहे, आणि नेमके हेच आरक्षण करताना निसटते. आदल्या रात्रीपासून खोली घेतली तर पहाटे दार उघडते खरे, पण दुपारी ती सोडावी लागते. शिवाय आपण रात्री पोहोचला नाहीत म्हणून हॉटेलने खोली दुसऱ्याला देऊ नये यासाठी, पहाटे येणार असल्याचे फोन करून कळवावे लागते. त्यापेक्षा आल्यापासून चोवीस तास मोजणारे लॉज किंवा हॉटेल शोधावे. फोर्ट आणि चर्चगेटच्या भागात फोनवर विचारल्यास अशी सोय मिळू शकते. पहाटे सहाला घेतलेली खोली मग दुसऱ्या पहाटेपर्यंत आपलीच. आईंना रात्रीचा प्रवास झेपणार असेल, तर गाणे संपल्यावर खोलीवर येऊन, जेवून, रात्री अकराच्या सुमारास टर्मिनसहून सुटणारी परतीची कोकणकन्या गाठता येते, आणि दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचते. झेपणार नसेल, तर आदल्या दुपारी मडगावहून सुटून रात्री पोहोचणारी वंदे भारत घ्यावी. पावसाळ्यात मात्र ती नेहमीइतके दिवस धावत नाही. एकटा तरुण माणूस असता तर त्याला मी स्थानकावरची विश्रांतीगृहे किंवा मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये सुरू झालेले पॉड हॉटेल सुचवले असते. सत्तरीच्या बाईंना तसल्या कप्प्यात झोपायला सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

फोर्टहून एनसीपीएपर्यंत टॅक्सीने फार वेळ लागत नाही, आणि बैठकीचे गाणे संपल्यावर मैदानासारखी झुंबड उडत नसल्याने परतीची टॅक्सी मिळण्याची अडचण येऊ नये. येथे आपला टॅक्सीवरचा भरवसा मलाही मान्य आहे. खोली नक्की करताना मात्र लिफ्ट कोठून सुरू होते, हे स्पष्ट विचारावे. फोर्टातल्या जुन्या इमारतींत पुष्कळदा हॉटेल दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर असते, आणि लिफ्ट आहे असे सांगितले तरी तिच्यापर्यंत पोहोचायलाच दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात.