खोकला कुत्र्याला, डॉक्टरकी गल्लीला

रात्री दोन वाजता तुमचा कुत्रा मान लांबवून बदकासारखा खोकायला लागला आणि शेवटी उबळ येऊन त्याने फरशीवर पांढरा फेस टाकला, तर मालक, अजिबात घाबरू नका. घशात हाड अडकलंय. तुम्ही शुद्ध शाकाहारी असलात तरी हाडच. शेजारचे काका गॅलरीतून नुसता आवाज ऐकून सांगतील. त्यांनी आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असतं. बॅटरी आणा, जबडा फाकवा, बोटं आत घाला. हाड मिळणार नाही, चावा मिळेल.

इतक्यात घरातलं एखादं आगाऊ पोरगं म्हणेल, हा केनेल कफ आहे, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. श्वासनलिकेला सूज येते, म्हणून काहीतरी अडकल्यासारखा आवाज येतो, गळ्याचा पट्टा ओढला की उबळ वाढते, तर छातीचा पट्टा लावा. त्याला चहा करायला पाठवा. केनेल म्हणजे कुत्री ठेवायची जागा, आणि आपला टायगर जुळे सोलापुरात टू बीएचकेत सोफ्यावर झोपतो. त्याला कसा होईल? मागच्या आठवड्यात आपण लातूरला लग्नाला गेलो तेव्हा तो चार दिवस बोर्डिंगमध्ये होता, हा योगायोग. लागण झाल्यावर साधारण 2 ते 14 दिवसांत खोकला सुरू होतो, हाही योगायोगच.

शिवाय लस दिलीय की! सेव्हन-इन-वन. आकडा केवढा मोठा आहे. त्यात पॅराइन्फ्लुएन्झा आणि अॅडिनो हे दोन विषाणू येतात, पण बोर्डेटेला नावाचा जिवाणू येत नाही. त्याची लस वेगळी, बहुतेकदा नाकात थेंब टाकून देतात. माणसाच्या डांग्या खोकल्याचा जिवाणू याचाच चुलतभाऊ. असल्या नातेवाइकांची चौकशी आपण करत नाही; लग्नपत्रिका दिली की झालं.

आता उपचार. आजीचा हळद-दुधाचा प्रयोग संपला की काकूंची लसणाची फोडणी सुरू होते. लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, म्हणून शेंगाचटणीसुद्धा त्याच्यापुढे ठेवायची नसते. पण भाकरीबरोबर चटणी नाही म्हणजे पाहुणचारच नाही, सोलापूरचं नाव जाईल. फ्रिजवरच्या डब्यात स्वतःची खोकल्याची बाटली आणि तापाची गोळी असेलच. पॅरासिटामॉल कुत्र्याचं यकृत खराब करू शकतं, आयब्युप्रोफेन पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतं, हे त्या डब्यावर लिहिलेलं नाही. म्हणजे चालत असणार.

वाफ मात्र खरंच बरी. बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडा आणि कुत्र्याला वाफेत दहा मिनिटं बसवा. फक्त त्या दिवशी पाणी आलेलं असायला हवं. आपल्या नळाचं वेळापत्रक आणि कुत्र्याची उबळ जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यापेक्षा अवघड.

रोग आवाजाने पसरतो असं समजू नका. थुंकीच्या तुषारांनी आणि सामाईक भांड्याने पसरतो. म्हणून संध्याकाळी टायगरला संभाजी तलावावर न्याच. घरात कोंडून ठेवणं बरं दिसत नाही. तिथे चार पग, दोन पॉमेरियन आणि एक अंधारात भुंकणारा गावठी असतो, सगळ्यांना एका बादलीत पाणी पाजा. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन आठवडे इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. पण आपल्या शहरात आजारी माणसालाही कोणी लांब ठेवत नाही, भेटायला येतात.

पिल्लू असेल, म्हातारा असेल, नाहीतर त्याचं नाक पगसारखं चपटं असेल, तर जरा जास्तच बेफिकीर रहा. त्याने खाणं सोडलं, निपचित पडला, धाप लागली, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला, ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आज सोमवार, सिद्धेश्वराचा उपास धरला असेल म्हणा.

आणि हो, ज्या कुत्र्याचं अंग चांगलं असतं त्याचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. ही या रोगाची सगळ्यात कपटी खोड. त्या शेवटच्या दिवशी ज्याने जे दिलं, त्याचं औषध लागू पडतं. माझ्या टायगरला विसाव्या दिवशी समोरच्या वहिनींनी ज्येष्ठमधाचं बोट चाटवलं होतं. आता आमच्या गल्लीत कोणाचाही कुत्रा खोकला की माणसं त्यांच्याकडे जातात, आणि त्या बाहेर येऊन विचारतात, "किती दिवस झाले?" विसाच्या आत असेल तर म्हणतात, "अजून थांबा, मग देते."