क्विक ब्रेडचे अडीच दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या आजी दाराशी ब्रेड ठेवून गेल्या आणि आमच्या घराची शांती गेली.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथे नाताळच्या सुमाराला शेजारीपाजारी एकमेकांना घरी भाजलेलं काहीबाही देतात. आजींचा ठरलेला पदार्थ म्हणजे क्रॅनबेरी आणि संत्र्याचा गोड ब्रेड. आम्ही तो खातो, थँक यू म्हणतो आणि ट्रे कचऱ्यात टाकतो. ट्रे असतो पातळ ॲल्युमिनियमचा, एकदा वापरून फेकायचाच. यंदा मात्र आई जळगावहून सहा महिन्यांसाठी आलेली. मी टाकलेला ट्रे तिने कचऱ्यातून काढला, घासला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला.

"त्या बाईंचं भांडं आहे. परत द्यायचंय."

"आई, ते फेकायचं असतं."

"भांडं कुणी फेकतं का? आणि रिकामं नको देऊस."

भांडं रिकामं परत करू नये हा नियम आमच्या घरात राज्यघटनेच्या आधीपासून लागू आहे. त्यात एकच पळवाट आहे. घरात काहीच नसेल तर चमचाभर साखर घालून द्यावी. मी ती सुचवून पाहिली.

"त्या बाईंनी तासभर खपून एवढा केक दिला आणि तू साखर देणार?"

"मग तू लाडू कर."

"मी का करू? भांडं तू फेकलं होतंस."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण बायको ऑफिसच्या कामाने डॅलसला गेलेली, त्यामुळे मला वेळीच गप्प करणारं घरात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "त्यात काय? त्याच ब्रेडने ट्रे भरून देतो. नावच क्विक ब्रेड आहे."

तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती.

क्विक ब्रेड क्विक का, तर त्यात यीस्ट नसतं. पीठ भिजवून तासन्‌तास फुगायची वाट बघायची नाही. सोडा आणि काहीतरी आंबट एकत्र आलं की वायू सुटतो, त्याने ब्रेड फुगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या बायका याच कामाला लाकडाच्या राखेतून काढलेला खार वापरायच्या, हे मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "म्हणजे पापडखारासारखंच काहीतरी," ती म्हणाली आणि माझं व्याख्यान संपलं.

खरं तर केळ्याचा ब्रेड सोपा. पण जळगावच्या बाईसमोर अमेरिकेतल्या दुकानातली केळी आणून ती काळी पडायची वाट बघत बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं. शिवाय सणाचा म्हणून जो करतात तो क्रॅनबेरीचाच. ही फळं आमच्या राज्यातच, दक्षिणेला पाईन बॅरन्समध्ये पिकतात. तोडणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे ती तरंगून वर येतात आणि मग गोळा करायची. 340 ग्रॅमची पिशवी मिळते. दुसरी घेतली तर स्वस्त होती म्हणून मी दोन आणल्या.

आईने एक फळ तोंडात टाकलं. तिचा डावा डोळा मिटला आणि बराच वेळ उघडला नाही.

"करवंदं बरी," ती म्हणाली. मग पाकिटाकडे बघून, "हे लोक सणाला हे खातात?"

मी तिला म्हटलं, आपल्याकडे बेकरीत केकवर लाल चेरी म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा पाकवलेलं करवंदच असतं. आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. तिला हे आवडलं नाही. मला लहानपणी कळलं तेव्हा मलाही आवडलं नव्हतं.

बेकरीचं नाव निघालं आणि आई दिवाळीवर गेली. आमच्याकडे भाजणं हे कधी घरचं काम नव्हतंच. मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, नंबर लावायचा आणि भट्टीसमोर बसून राहायचं. आपला पत्रा आत गेला की तो आपलाच बाहेर येईल ना, यावर डोळे लावून मी कितीतरी ऑक्टोबर काढलेत. एका वर्षी आमच्या पत्र्यावरच्या नानकटाया दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेल्या आणि त्यांच्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या चांगल्या होत्या. आईने आजवर ते कबूल केलेलं नाही.

तर कृती. मैदा दोन कप. कोणता कप, यावर पाऊण तास गेला. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलिटरचा, आईची वाटी त्याहून लहान, आणि आईचा एकूणच मापावर विश्वास नाही. "अंदाजाने घाल." मी म्हटलं, बेकिंगला अंदाज चालत नाही, ते रसायनशास्त्र आहे. "चाळीस वर्षं स्वयंपाक काय मी इतिहास म्हणून केला?" अंडं तिला चालत नाही, म्हणून दही आलं. मैदा, साखर, सोडा, बेकिंग पावडर, दही, तेल, संत्र्याचा रस, किसलेली साल, चिरलेल्या क्रॅनबेरी. कृतीत स्पष्ट लिहिलं होतं की पीठ जेमतेम मिसळेपर्यंतच ढवळा, गुठळ्या राहू द्या. नाहीतर मैद्याला चिवटपणा येतो. मी जेमतेम ढवळलं आणि ओव्हनकडे वळलो. मागे वळून बघतो तर आई भज्यांच्या पिठासारखं एका दिशेने फेटतेय.

"गुठळ्या होत्या रे," ती म्हणाली.

आता ओव्हन. अमेरिकेतल्या मराठी घरात ओव्हन हे कपाट असतं. दोन कढया, डोश्याचा तवा, पुरणयंत्र, कुणीतरी लग्नात दिलेलं आणि कुणालाच देता न आलेलं डिनर सेटचं उरलेलं अर्धं. ओव्हन लावण्याआधी भांडी काढावीत, हे वाक्य सप्तपदीतच घालायला हवं. मी 350 वर काटा फिरवला आणि ट्रेला तेल लावायला बसलो.

350 म्हणजे फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये सुमारे 177. मायक्रोवेव्हसाठीचं इडलीपात्र ज्या प्लॅस्टिकचं असतं ते 160च्या आसपास वितळतं, हे मला आता माहीत आहे.

आधी वास आला, मग धूर आला, मग भोंगा. आमच्याकडचे भोंगे एकमेकांना जोडलेले आहेत, एक बोंबलला की वरच्या मजल्यावरचेही सूर लावतात. वर त्यात एक बाई इंग्रजीतून "फायर! फायर!" ओरडते. "हो हो, कळलं," आई छताकडे बघून म्हणाली आणि टॉवेलने वारा घालू लागली. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर शून्याखाली तापमान. समोरच्या घरातला माणूस पडदा सारून बघायला लागला, त्याला मी हात केला. त्यानेही केला.

ओव्हन निवेपर्यंत आणि जाळीवरून इडलीपात्र खरवडून काढेपर्यंत रात्रीचे 10 वाजले. इतका वेळ पीठ ओट्यावर बसून होतं. सोडा आणि आंबट एकत्र आले की वायू लगेच सुटू लागतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. तरी अन्न फेकायचं नसतं म्हणून आम्ही ते भाजलं. निघालं ते विटेच्या आकाराचं आणि विटेच्या स्वभावाचं.

आईने बोटाने टकटक केलं. तिचा चेहरा उजळला. "अरे, ही तर बट्टी झाली!"

शनिवारी दुपारी तिने तिच्या फोडी केल्या, तुपात तळल्या आणि वरणासोबत वाढल्या. खानदेशात जन्मलेल्या माणसाने तळलेल्या बट्टीला नाही म्हणू नये, म्हणून मी तीन वेळा घेतली. क्रॅनबेरी दाताखाली आली की चिंच घातलीय असं समजायचं.

दुसरा प्रयत्न संध्याकाळी. भांडी आधी बाहेर, ओव्हन आधी गरम, आई आधी दिवाणखान्यात. दहा-बारा वेळा ढवळलं आणि लगेच आत. तासाभराने टूथपिक खुपसून बघितली. आई तेवढ्यात येऊन म्हणालीच, "ढोकळ्यात सुरी घालतात तसं." टूथपिक कोरडी निघाली. ब्रेड फुगला होता, सोनेरी होता आणि वर मधोमध लांबच लांब भेगाळला होता.

"तडा गेला. तडा गेलेलं देऊ नये."

वरची कड आधी घट्ट होते, आतलं नंतर फुगतं, म्हणून भेग पडते, पडायलाच हवी, आजींच्यालाही होती, हे मी फोटो दाखवून सांगितलं. ती हो म्हणाली. रविवारी सकाळी उठलो तर भेगेत पिठीसाखर भरलेली होती, भिंतीतली भेग लांबीने बुजवतात तशी. शेजारी एक काचेची बरणी होती. उरलेल्या क्रॅनबेरींचा तिने मेथ्या, तिखट आणि गूळ घालून आंब्याशिवायचा मेथांबा केला होता. "नुसता ब्रेड कसा द्यायचा?"

आजींना ब्रेड दिला. त्यांनी ट्रेकडे जरा निरखून बघितलं, आपलाच आहे हे ओळखलं असावं, पण काही बोलल्या नाहीत. बरणीचं झाकण मात्र तिथेच उघडून हुंगलं.

चार दिवसांनी त्या आल्या. आईचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी मेथांब्याचं इतकं कौतुक केलं की आईला भाषांतर लागलं नाही. टर्कीबरोबर खाल्ला म्हणाल्या. ते मी भाषांतरित केलं नाही. मग पिशवीतून लख्ख धुतलेली बरणी काढून आईला दिली.

दार लागल्यावर आईने झाकण उघडून आत बघितलं. बरणी उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं.

"रिकामी?"

"इथे तशीच देतात, आई. स्वच्छ धुऊन."

ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो, तर तिने साखरेचा डबा काढला, त्यातली चमचाभर साखर बरणीत टाकली, झाकण लावलं आणि बरणी फळीवर ठेवून दिली.